गोष्ट दुसऱ्याची, आवाज याचा : हॉलिवूडमधला कृष्णवर्णीय निवेदक

पिटातला_प्रेक्षक (धागाकर्ता)

रसभंगाची सूचना आधीच देऊन ठेवतो. खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडलेत. नंतर भांडायला येऊ नका.

'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) परत बघितला. या खेपेला गोऱ्या कैदी अँडीकडे दुर्लक्ष करून फक्त त्याच्या तुरुंगातल्या कृष्णवर्णीय मित्राकडे, रेडकडे, म्हणजे मॉर्गन फ्रीमनकडे बघायचं ठरवलं होतं. सिनेमाभर आवाज त्याचाच. पहिल्या रात्री कोणता नवा कैदी रडणार यावर रेड पैज लावतो, अँडीवर लावतो आणि सिगारेटची दोन पाकिटं हरतो. मग छपरावर डांबर ओतताना अँडीने सगळ्यांना बिअर कशी मिळवून दिली, ग्रंथालय कसं उभं केलं, भिंत कशी पोखरली, सगळं आपण रेडच्या तोंडून ऐकतो. आणि रेडबद्दल आपल्याला काय कळतं? कोवळ्या वयात खून केला, बस. कोणाचा, का, घरी कोण होतं, भेटायला कोणी येतं का, काही पत्ता नाही.

आता मूळ दीर्घकथा घ्या. स्टीफन किंगची, १९८२ची. तिच्यातला रेड आयरिश वंशाचा, लाल केसांचा गोरा माणूस आहे. आणि आपला गुन्हा तो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. विम्याच्या पैशांसाठी त्याने बायकोच्या गाडीचे ब्रेक बिघडवून ठेवले. वाटेत बायकोने शेजारणीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला गाडीत घेतलं. तिघंही गेली. किळस यावी असा माणूस आहे, पण अख्खा माणूस आहे. पडद्यावर येताना त्याचा वंश बदलला आणि भूतकाळही गळाला. एकामुळे दुसरं झालं असा माझा दावा नाही. सिनेमा करायचा तर कात्री कुठेतरी चालणारच. पण ती कुठे चालली ते बघायला काय हरकत आहे? गोष्ट १९४७पासून पुढची, अमेरिकेतला तुरुंग, आणि वर्णाचा विषय निघतो तो रेड आपण आयरिश असल्याचं सांगतो त्या एका विनोदापुरता.

दहा वर्षांनी 'मिलियन डॉलर बेबी' (२००४). परत फ्रीमन, परत निवेदक. स्क्रॅप, एक डोळा गमावलेला जुना बॉक्सर, व्यायामशाळेतच राहणारा. शेवटी उलगडा होतो की आपण ऐकत होतो ते एक पत्र होतं. स्क्रॅपने लिहिलेलं, गोऱ्या प्रशिक्षक फ्रँकीच्या दुरावलेल्या मुलीला, तिचा बाप कसा माणूस होता ते कळावं म्हणून. म्हणजे सांगणारा हा, गोष्ट फ्रँकीची आणि ऐकणारी फ्रँकीची मुलगी. फ्रीमनला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर याच भूमिकेसाठी मिळालं. काम अप्रतिमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं म्हणणं एवढंच की मुख्य प्रवाहातल्या सिनेमाने कृष्णवर्णीय पात्राला आवाज दिला, पण गोष्ट स्वतःकडेच ठेवली. निवेदक म्हटला की आपण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्यामुळे त्याला मोठी भूमिका मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो साक्षीदार असतो. तुमच्याकडे उदाहरणं असतील तर टाका. माझ्या विरोधातली आधी.

वेलबुट्टी

पिप्रे, धागा मस्त. याच्या शेजारचा साचा म्हणजे जादूची कांडी घेऊन येणारा कृष्णवर्णीय. 'मॅजिकल निग्रो' हे त्याचं नाव दिग्दर्शक स्पाइक लीने २००१मध्ये विद्यापीठांतल्या व्याख्यानांमधून सगळीकडे पोचवलं. हे पात्र कुठून येतं ठाऊक नाही, घरदार नाही, स्वतःची इच्छा नाही. गोऱ्या नायकाचं अडलेलं काम करून द्यायचं आणि निघून जायचं किंवा मरायचं.

लीचा विशेष राग 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स'वर (२०००) होता. १९३१, जॉर्जिया. रात्रीच्या अंधारातून विल स्मिथ उगवतो आणि मॅट डेमनचा हरवलेला गोल्फचा फटका परत मिळवून देतो. लीचा सवाल सरळ होता : ज्या काळात त्या भागात काळ्या माणसांना झुंडी झाडाला टांगत होत्या, त्या काळात या गृहस्थाला गोऱ्याच्या गोल्फची काळजी?

आपल्याकडच्या वाचकांसाठी गंमत म्हणजे मूळ कादंबरी गीतेवर बेतलेली आहे. बॅगर व्हान्स म्हणजे भगवान, आणि नायक आर. जूनाह म्हणजे अर्जुन! मोठ्याने म्हणून बघा. युद्धाने खचलेला वीर, खेळायला नकार देणारा, आणि सारथ्याच्या जागी कॅडी, म्हणजे गोल्फच्या काठ्या वाहणारा. कल्पना वाईट नाही. पण आपला कृष्ण रथावर चढायच्या आधी गोकुळ, मथुरा, द्वारका करून आलेला असतो. त्याला आई आहे, बायका आहेत, शत्रू आहेत, स्वतःचं राजकारण आहे. बॅगरला पिशवीतल्या काठ्यांपलीकडे काही नाही. आणि निवेदक? म्हातारा झालेला एक गोरा मुलगा, जॅक लेमन. इथे तर आवाजसुद्धा नाही दिला.

नुक्ताचीन

विरोधातली उदाहरणं आधी मागितलीत म्हणून लिहितो, एरवी असल्या धाग्यांवर वाचनमात्र असतो.

एक. गीता काढलीच आहे तर संजयाचं काय? तोही दुसऱ्यांचं युद्ध तिसऱ्याला सांगतो. संजयाच्या घरी कोण होतं हे विचारत कोणी बसत नाही. निवेदक पारदर्शक असणं हे जुनं तंत्र आहे, त्यात वंशवाद कुठे आला?

दोन. शॉशँकचा नायक रेडच आहे. अँडी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच राहतो. आशा बाळगणारा. बदलतो कोण? रेड. पॅरोलच्या तीन सुनावण्या आठवा. पहिल्या दोन्ही वेळा मंडळाला आवडेल ते पाठ केलेलं बोलतो आणि नाकारला जातो. तिसऱ्या वेळी, चाळीस वर्षं आत काढल्यावर, सुधारलास का या प्रश्नालाच उडवून लावतो आणि सुटतो. नंतर किराणा दुकानातली नोकरी, आधी सुटलेल्या म्हाताऱ्या ब्रूक्सने गळफास घेतला ती खोली, बक्स्टनचं शेत, बसचा प्रवास. त्या सगळ्या भागात पडद्यावर रेड एकटा आहे. अँडी दिसतो तो थेट समुद्रकिनाऱ्यावर.

तीन. गोऱ्या पात्रासाठी लिहिलेली भूमिका कृष्णवर्णीय नटाला दिली, वर्णाचा बाऊ न करता दिली. हे पुढचं पाऊल नाही का? वर्णाबद्दल बोललं असतं तर 'बिचारा काळा कैदी' म्हणून तुम्हीच ओरडला असतात.

पिटातला_प्रेक्षक

नुक्ताचीन, दुसरा मुद्दा जोरदार आहे आणि त्या शेवटच्या भागामुळेच शॉशँक मला या यादीत सगळ्यात वरचा वाटतो. पण तिथेही बघा, रेड शेतात जातो ते अँडीने सांगितलं म्हणून, समुद्रावर जातो ते अँडीने बोलावलं म्हणून. चाळीस वर्षं आत काढलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर स्वतःचं एकही ठिकाण, एकही नाव आठवत नाही. कथेतल्या रेडला निदान आठवायला काहीतरी दिलं होतं, भले ते भयंकर असो.

संजयाबद्दल : महाभारत संपूर्ण संजय सांगत नाही. सौती सांगतो, वैशंपायन सांगतो, मधे मार्कंडेय ऋषी येऊन भलतंच सांगून जातात. सांगणारे पुष्कळ असले की एक जण पारदर्शक असला तरी चालतं. माझा आक्षेप एका सिनेमावर नाहीच. तोच नट, तोच आवाज, तीच जागा पुन्हा पुन्हा, यावर आहे.

तिसऱ्याशी अर्धा सहमत. भूमिका दिली हे चांगलंच झालं.

सोनकी

त्याच आवाजावरून. २००५मध्ये फ्रीमन 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'चा निवेदक झाला आणि त्याच वर्षी पेंग्विनांच्या माहितीपटाचाही. पेंग्विनांचा सिनेमा मुळात फ्रेंच. फ्रेंच आवृत्तीत पेंग्विन स्वतःच बोलतात, आई, बाप, पिल्लू वेगवेगळ्या नटांच्या आवाजात. इंग्रजीत ते सगळं काढून फ्रीमनचं निवेदन घातलं. आपली गोष्ट आपण सांगायची संधी पेंग्विनांनासुद्धा फ्रेंचमध्येच मिळाली :)

पण या जागेचा उगम फ्रीमनच्या कितीतरी आधीचा आहे. डिस्नीचा 'साँग ऑफ द साउथ' (१९४६). मळ्यावरचा म्हातारा अंकल रीमस एका दुःखी गोऱ्या मुलाला ससा-कोल्ह्याच्या गोष्टी सांगतो. मुलाचं मन रमतं, घर सावरतं. रीमसला त्या मुलापलीकडे आयुष्य नाही. अटलांटाला सिनेमाचा पहिला भव्य खेळ झाला तेव्हा रीमस झालेला जेम्स बास्केट हजर राहू शकला नाही, कारण शहरात वर्णभेदाचे कायदे होते. ज्याच्या आवाजावर सिनेमा उभा, त्याला त्याच सिनेमाच्या सोहळ्यात जागा नाही. १९४८मध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं आणि त्याच वर्षी तो वारला. अमेरिकेत डिस्नीने हा सिनेमा घरी बघण्यासाठी कधीच विक्रीला काढला नाही.

त्या ससा-कोल्ह्याच्या गोष्टी गुलामांनी एकमेकांना सांगितलेल्या होत्या. दुबळा ससा बलवानाला कसा गंडवतो याच्या. त्या गोऱ्या मुलाला झोपवायच्या गोष्टी कधी झाल्या हा वेगळा धागा होईल.

ठोंब्या

वाचतोय. नुक्ताचीन विरुद्ध सगळे, खुर्ची पुढे ओढून बसलोय.

अडगळ

'ग्लोरी' (१९८९) कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. मला या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण तेच वाटतं, आणि सिनेमा वाईट नाही म्हणूनच.

अमेरिकन यादवीतली ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण, कृष्णवर्णीय सैनिकांची. निवेदन कोणाचं? पंचविशीतल्या गोऱ्या कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉचं, त्याने घरी लिहिलेल्या पत्रांमधून. यावर नेहमीचं उत्तर असं की बाबा, पत्रं त्याचीच उपलब्ध होती, गुलामगिरीतून आलेल्यांकडे लिहिण्यावाचण्याची सोय कुठे होती?

तर हे उत्तर टिकत नाही. ५४व्या पलटणीत उत्तरेतले स्वतंत्र, शिकलेले लोक मोठ्या संख्येने होते. जेम्स हेन्री गुडिंग नावाचा कॉर्पोरल न्यू बेडफर्डच्या वर्तमानपत्राला आघाडीवरून नियमित पत्रं पाठवत होता. २८ सप्टेंबर १८६३ला त्याने थेट लिंकनला पत्र लिहिलं : आम्ही सैनिकाचं काम केलं, मग सैनिकाचा पगार का नाही? गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर होते. यांना १० देऊ केले, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. फ्रेडरिक डग्लसची दोन मुलं, लुइस आणि चार्ल्स, याच पलटणीत भरती झाली होती. लुइस सार्जंट मेजर होता. फोर्ट वॅगनरवरचा हल्ला १८ जुलैचा. दोनच दिवसांनी त्याने होणाऱ्या बायकोला, अमेलियाला, पत्र लिहिलं. जिवंत आहे, आसपास माणसं पडत होती, परत भेटलो नाही तर समजून घे, अशा आशयाचं.

आता विचार करा. पटकथेला हवं ते सगळं तयार आहे. प्रेमपत्र आहे, राष्ट्राध्यक्षांना केलेला अर्ज आहे, प्रसिद्ध बाप आहे. सिनेमात बाप ओझरता दिसतो, बाकी यातलं कोणीही नाही. त्यांच्या जागी ट्रिप, रॉलिन्स अशी काल्पनिक पात्रं. डेन्झेल वॉशिंग्टनचा ट्रिप पळून आलेला गुलाम, रागीट, पाठीवर फटक्यांचे वण. फटके खाताना त्याच्या गालावरून ओघळणारा तो एक अश्रू कोण विसरेल? सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर योग्यच होतं. पण लिहिता-वाचता, हक्कासाठी कायद्याच्या भाषेत भांडणारा गुडिंग गेला आणि पाठ उघडी करून दाखवणारा ट्रिप आला. शब्द शॉकडे राहिले, वेदना ट्रिपकडे गेली. पगार नाकारायचं धाडस सैनिकांचं होतं. सिनेमात ट्रिप सुरुवात करतो खरा, पण प्रसंगाचा कळस म्हणजे कर्नलसाहेब स्वतःच्या पगाराचा कागद फाडतात तो.

पिप्रे, तुमच्या वाक्यात थोडी भर घालतो. आवाज देऊन गोष्ट काढून घेणं हा एक प्रकार. इथे दुसरा आहे. गोष्ट त्यांची आणि आवाज गोऱ्याचा. मला दोन्हीची मुळं एकच वाटतात : प्रेक्षक म्हणून जो डोळ्यांसमोर धरलाय तो गोरा आहे आणि त्याचा हात धरायला कोणीतरी हवं.

वेलबुट्टी

अडगळ, दंडवत. वाचनखूण साठवली.

मधलं_पान

अडगळ म्हणतात तो दुसरा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. 'गांधी' (१९८२) आठवा. धारासणाचा मिठाचा सत्याग्रह. रांगेमागून रांग पुढे जाते, लाठ्या बसतात, बायका जखमींना उचलून नेतात, पुढची रांग येते. अंगावर काटा आणणारा प्रसंग. आणि त्याचा अर्थ आपल्याला कोण सांगतं? मार्टिन शीनने केलेला अमेरिकन पत्रकार वॉकर, टेलिफोनवर बातमी सांगताना. पाश्चात्त्यांचं नैतिक वर्चस्व आज इथे संपलं, असा निकाल तोच देतो.

वॉकर काल्पनिक असला तरी युनायटेड प्रेसचा वेब मिलर २१ मे १९३०ला खरंच तिथे होता आणि त्याच्या वार्तापत्राने जगभर खळबळ उडाली. त्यामुळे पत्रकार दाखवणं खोटं नाही. पण तिथे सत्याग्रहींच्या पुढे सरोजिनी नायडू होत्या! इंग्रजीत कविता लिहून नाव कमावलेली, सभा गाजवणारी बाई. तिला त्याच दिवशी अटक झाली. शब्दांची वानवा आपल्या बाजूला नक्कीच नव्हती.

पुढे 'गांधी'च्या दिग्दर्शकाने, अॅटनबरोंनीच 'क्राय फ्रीडम' (१९८७) केला. दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेषविरोधी नेता स्टीव्ह बिको याची गोष्ट म्हणून बघायला बसा. बिको (परत डेन्झेल!) मधेच मारला जातो आणि उरलेला सिनेमा म्हणजे गोरे संपादक डोनाल्ड वुड्स आपल्या कुटुंबासह दक्षिण आफ्रिकेतून कसे निसटले त्याची थरारकथा. त्यांचं कुटुंब सुखरूप पोचावं म्हणून आपण श्वास रोखून बसतो. बिको तोवर आठवणींच्या दृश्यांपुरता उरलेला असतो.

नुक्ताचीन

अहो, पण वुड्सच्याच पुस्तकांवर काढलेला सिनेमा आहे, तो वुड्सच्याच बाजूने जाणार. आणि पैशांचं कोणी बोलणार आहे की नाही? १९८२ साली गांधींवरच्या तीन तासांच्या सिनेमाला पैसे उभे करायला अॅटनबरोंना वीस वर्षं घासावी लागली. मार्टिन शीन हा त्या सौद्याचा भाग समजा. वॉकरशिवाय सिनेमाच निघाला नसता तर? शंभर टक्के शुद्ध पण न निघालेला सिनेमा हवा, की पाऊण शुद्ध पण जगाने बघितलेला?

मधलं_पान

निघालेला हवा. म्हणून त्यावर बोलायचंच नाही का? आणि तो सौदा फेडायचा कधीपर्यंत? १९९० साली 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर, आणि स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग'ला त्या विभागात नामांकनसुद्धा नाही. २०१९ साली 'ग्रीन बुक' जिंकतो तेव्हा समोर परत लीचाच सिनेमा. तीस वर्षांनी फरक काय, तर आधी काळा माणूस गोऱ्या बाईची गाडी चालवत होता, आता गोरा माणूस काळ्याची चालवतो. लीने स्वतःच यावर कोटी केली होती की गाडी कोणी कोणाची चालवली की मी हरतो.

'ग्रीन बुक'च्या पटकथेत त्या गोऱ्या ड्रायव्हरच्या मुलाचा हात आहे. पियानोवादक डॉन शर्ली यांच्या घरच्यांनी सिनेमातल्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. परत तेच, कोणाच्या घरातल्याने सांगितली गोष्ट?

सोनकी

उलट बाजूनेही बघू. 'द हेल्प' (२०११). निवेदन कृष्णवर्णीय मोलकरणीचं, एबिलीनचं. सुरुवात तिच्या आवाजाने, शेवट तिच्या आवाजाने, आणि गोष्टही वरवर तिचीच. पिप्रेंच्या कसोटीला उतरायला हवा. तरी सिनेमा पुढे सरकतो तो गोऱ्या स्कीटरला पुस्तक लिहायचंय म्हणून. २०१८मध्ये एबिलीन झालेल्या व्हायोला डेव्हिसने मुलाखतीत ही भूमिका केल्याची खंत बोलून दाखवली. तिचं म्हणणं असं की शेवटी त्या बायकांचा आवाज ऐकू आलाच नाही. गोऱ्यांसाठी काम करणं, त्यांची मुलं वाढवणं या बायकांना खरोखर कसं वाटत होतं ते सिनेमात कुठे आहे?

निवेदकच सांगतेय की माझं निवेदन पुरेसं नव्हतं.

पिटातला_प्रेक्षक

सोनकी, हे उदाहरण माझ्या मांडणीला अडचणीचं आहे आणि म्हणूनच आवडलं. निवेदक कोण आणि गोष्ट कोणाची एवढं पुरत नाही, त्याला काय सांगायची मुभा आहे हेही बघावं लागेल. एबिलीनला दुःख सांगायची मुभा आहे, प्रेमळपणाची आहे. तिरस्काराची नाही.

नुक्ताचीन, पैशांच्या मुद्द्यावर : ज्यांनी सौदा नाकारला त्यांचेही सिनेमे निघालेत. ज्युली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) बघा. १९०२, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची बेटं, गला लोकांचं, म्हणजे तिथल्या गुलामांच्या वंशजांचं, एक मोठं कुटुंब उत्तरेला जायला निघालंय. निवेदक आहे अजून जन्माला न आलेली मुलगी. ती कोणा गोऱ्याला काही समजावून सांगत नाही. बोली कळली तर कळली, नाही तर बसा लक्ष देऊन. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला, अमेरिकेत सर्वत्र चित्रपटगृहांत लागलेला हा पहिला कथापट. थोड्या पैशांतच झाला.

अडगळ

नव्यातला एक टाकतो आणि थांबतो. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (२०२३). १९२०च्या दशकात तेलाच्या पैशांसाठी ओसेज या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांचे झालेले खून. आधीच्या पटकथेत डिकॅप्रिओ एफबीआयचा गोरा तपास अधिकारी होणार होता. म्हणजे पुन्हा हात धरणारा गोरा! ती पटकथा बाजूला ठेवली आणि गोष्ट ओसेज मॉली आणि तिचा गोरा नवरा अर्नेस्ट यांच्यावर आणली. सुरुवातीला मॉलीचा आवाज मेलेल्या ओसेज माणसांची नावं एकेक करून घेतो आणि प्रत्येकापुढे सांगतो : चौकशी नाही. लिली ग्लॅडस्टोनने ते इतकं कोरडं म्हटलंय की पोटात गोळा येतो. मग हा आवाज बंद होतो आणि आपण बहुतेक वेळ अर्नेस्टबरोबर राहतो. मॉली अंथरुणाला खिळते. ओसेज भाषेच्या एका सल्लागाराने प्रीमियरलाच सांगितलं की मला ही गोष्ट मॉलीच्या नजरेतून हवी होती, पण ते करायला ओसेज दिग्दर्शकच लागेल.

शेवटी स्कॉर्सेसी काय करतो बघा. शिक्षा वगैरे दाखवत नाही. एकदम जुन्या रेडिओ कार्यक्रमाचा रंगमंच. गोरे कलाकार तोंडाने आवाज काढून, सिगारेटची जाहिरात करत, या खुनांचा मनोरंजक खेळ करताहेत. मग माइकसमोर स्वतः दिग्दर्शक येतो आणि मॉलीच्या निधनाची वर्तमानपत्रातली नोंद वाचतो. त्या नोंदीत खुनांचा उल्लेख नव्हता, असं सांगतो आणि बाजूला होतो.

नुक्ताचीन

हे मान्य की तो शेवट धाडसी आहे. पण तुमच्याच हिशेबाने शेवटचं निवेदन गोऱ्याचं झालं की नाही?

अडगळ

झालं. आणि तो ते लपवत नाही, स्वतःचा चेहरा पुढे करतो. आपण गोरे लोक या मरणांचे कार्यक्रम करत आलो, हाही त्यातलाच एक, असं मला ते ऐकू आलं. ग्लोरीतला शॉ अदृश्य राहून बोलतो, हा दिसून बोलतो. तुम्हाला तो कबुलीजबाब वाटेल किंवा पळवाट. माझं बघण्यागणिक बदलतं.

नुक्ताचीन

मला पळवाट वाटते. २०६ मिनिटांपैकी मॉलीच्या आवाजाला किती मिळाली ते मोजा आणि मग माइकसमोर उभे राहा म्हणावं.

ठोंब्या

नुक्ताचीन, तुम्ही कोणत्या बाजूचे आहात नक्की?